उंदराचे मूत्र आणि लेप्टोस्पायरोसिस

उंदीर किती धान्य खातो याचा हिशेब आपण करतो. त्याच्या मूत्राचा मात्र कोणी करीत नाही!

लेप्टोस्पायरोसिस हा रोग मळसूत्री आकाराच्या लेप्टोस्पायरा जिवाणूंमुळे होतो. हे जिवाणू जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या नाजूक अस्तरातून उंदराच्या शरीरात शिरतात. पुढचा प्रवास शोधण्यासाठी शास्त्रज्ञ लागण झालेल्या प्राण्यांचे रक्त, यकृत व मूत्रपिंड ठरावीक दिवसांनी तपासतात. अलीकडे प्रकाश देणारे जिवाणू वापरून प्रयोगशाळेतील जिवंत उंदरांतही हा प्रवास पाहण्यात आला आहे. सुरुवातीस जिवाणू रक्तावाटे सर्व अवयवांत पोचतात. साधारण आठवडा-दीड आठवड्यात प्रतिकारशक्ती त्यांना रक्तातून हटविते. परंतु मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत ते ठाण मांडतात व कित्येक महिने मूत्रावाटे बाहेर पडत राहतात. प्लेगमध्ये उंदीर मरून पडत, त्यामुळे गाव सावध होई. येथे उंदीर धडधाकट फिरतो, म्हणून तशी सूचना मिळत नाही.

वर्धा जिल्ह्यात बोर धरणाच्या कालव्यावर ओलित करताना पाणी बांधातील बिळांत शिरते आणि आपण भेगाळलेल्या टाचांनी त्याच चिखलात उभे असतो. अशा वेळी गमबूट वापरावेत, जखम झाकावी. बिळे बुजविण्याचे व विषारी आमिषाचे काम शेजाऱ्यांसह एकाच वेळी करावे. एकट्याच्या शेतातील रिकामी बिळे लवकरच पुन्हा भरतात.

चिखलातील कामानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळ्यांत लाली आढळल्यास त्वरित दवाखान्यात जावे आणि ओलिताचे काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.