मनुका आणि रक्तातले लोह

गरोदरपणी रोज काळ्या मनुका खाल्ल्या की रक्त वाढते, अशी समजूत घरोघरी आढळते. मोखाडा तालुक्यातील अनेक कुटुंबे हंगामात नाशिककडे द्राक्षबागांच्या कामाला जातात, त्यामुळे द्राक्ष आपल्याला परके नाही. पण त्यात लोह किती असते आणि ते मोजतात कसे, हे आज पाहू.

प्रयोगशाळेत मनुका धुऊन, वजन करून भट्टीत त्यांची राख करतात. राख आम्लात विरघळवून तो द्राव ज्योतीत फवारतात. ज्योतीतून लोहासाठीच्या खास दिव्याचा प्रकाश सोडला की द्रावातील लोहाचे अणू तो शोषून घेतात. जितका प्रकाश शोषला जाईल, तितके लोह जास्त. ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ साली ही पद्धत मांडली. मनुका धुतल्या नाहीत, तर धुळीतले लोहही मोजले जाते आणि आकडा फुगतो.

वाईनमधील धातूही असेच मोजता येतात. बागेत मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणून वाईनमध्ये तांबे तपासतात. ताजी द्राक्षेही वाहत्या पाण्याखाली चोळून धुऊनच खावीत.

आता मनुकांचा हिशेब. वाण आणि मातीप्रमाणे १०० ग्रॅम मनुकांत साधारण २ ते ७ मिलिग्रॅम लोह असते. रोजच्या १० ग्रॅम मनुकांतून पाऊण मिलिग्रॅमही मिळत नाही. सरकारी दवाखान्यातून गरोदर मातेला मिळणाऱ्या एका लाल गोळीत मात्र ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्यासाठी निदान पाऊण किलोहून अधिक मनुका खाव्या लागतील!

मनुका वाईट नाहीत; परवडत असतील तर जरूर खाव्यात. पण पोटाला चिमटा घेऊन त्या आणू नयेत आणि गोळीच्या जागी तर मुळीच खाऊ नयेत. माझा सल्ला असा : चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी घ्यावी. गोळीबरोबर चहा नको; लिंबू-पाणी चालेल. शौचास काळी झाली तर घाबरू नये, मळमळ झाल्यास जेवणानंतर घ्यावी. जेवणात नाचणी, पालेभाजी, डाळ असू द्यावी. वाईनने रक्त वाढते हाही गैरसमजच; गरोदरपणी दारूचा थेंबही बाळाला घातक ठरू शकतो.

रक्त वाढले की नाही, हे चेहऱ्यावरून ठरवू नका. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या.