ऑइल घेण्याआधी पुस्तक उघड

सांगली,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. मनू हिस,


स्प्लेंडर आणि वॅगनआर, दोन्ही गाड्यांचं ऑइल यापुढे घरीच बदलायचं तू ठरवलंस, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. आयटीआयमध्ये एमएमव्हीच्या, म्हणजे मोटर मेकॅनिकच्या, पोरांना मी नोकरीभर हेच शिकवलं, पण घरातल्या कुणी हातात पाना धरतो म्हटलं नव्हतं. काम अवघड नाही, तुला सहज जमेल. मला काळजी वाटते ती खरेदीची. ताई म्हणाली की तू भारीतल्या फुल सिंथेटिकचा एकच मोठा डबा आणणार आहेस आणि गाडीत ओतून उरेल ते स्प्लेंडरला घालणार आहेस. आजोबांचं म्हणणं, चाळीस नंबर घाल. गल्लीतला मिस्त्री म्हणतो, आपल्याकडच्या उन्हाला जाडच ऑइल लागतं, वीस-पन्नास घाल.

यातलं काहीच करू नकोस. गाडी घेताना कंपनीचं पुस्तक मिळतं. ते आपल्याकडे आरसी आणि इन्शुरन्सच्या कागदांखाली दबलेलं असतं आणि गाडी विकताना पहिल्यांदा उघडतं. त्यात इंजिन ऑइलचा ग्रेड, दर्जा आणि किती घालायचं हे छापलेलं आहे. ज्यांनी इंजिन बनवलं, त्यांनीच चाचण्या घेऊन ते ठरवलंय. महाग ऑइल वाईट नसतं, पण चुकीच्या इंजिनात पडलं तर त्याची किंमत त्याला वाचवत नाही.

आजोबा चाळीस नंबर का म्हणतात, तेही समजून घे, म्हणजे त्यांना उलट उत्तर द्यायची वेळ येणार नाही. तुझी शाळा आहे त्या कोरेगावजवळ, सातारा रोड गावात धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. १९३७ साली मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले तेच हे कूपर. १९३०च्या दशकात त्यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं बनू लागली. विहिरींवरच्या तसल्या जुन्या इंजिनांना एकाच आकड्याचं ऑइल लागायचं, तीस नंबर किंवा चाळीस नंबर. शेतकऱ्याच्या तोंडी तो आकडा बसला तो तिथून. पुढे आजोबांनी प्रिया स्कूटर घेतली. तीही साताऱ्याचीच. बजाज आणि राज्य सरकारचं महामंडळ यांनी मिळून १९७५ साली काढलेल्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये ती तयार व्हायची. टू-स्ट्रोक गाडी, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं आणि ते पेट्रोलबरोबर जळून जायचं. त्या इंजिनाचं ऑइल बदलायचा प्रश्नच नव्हता. जरा जास्त पडलं तर धूर व्हायचा, प्लग काळा पडायचा, पण इंजिन जाम होणार नाही म्हणून माणसं हात सैल सोडायची. आजोबांचा अनुभव खोटा नाही. तो त्या इंजिनांचा आहे.

आता डब्यावरचे आकडे. तुझ्या स्प्लेंडरला लागतं १०डब्ल्यू-३०. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनात ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो, नंतरचा आकडा शंभर अंश सेल्सिअसला ते किती घट्ट उरतं ते सांगतो. एसएईच्या मोजमापात वीसचं ऑइल शंभर अंशाला ६.९ ते ९.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान बसतं, चाळीसचं १२.५ ते १६.३ च्या दरम्यान. म्हणजे वीस आणि चाळीस यांत फरक थोडाथोडका नाही. मारुतीच्या अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० सांगतात. एवढं पातळ ऑइल बघून मिस्त्री घाबरतो. पण त्या इंजिनातल्या फटी त्याच हिशेबाने ठेवलेल्या असतात, ऑइल पंप तसा असतो, आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावरच चालते. तिथे वीस-पन्नास, म्हणजे २०डब्ल्यू-५०, घातलं तर सकाळी पहिल्या सेल्फला ऑइल वरपर्यंत पोहोचायला उशीर लागतो. इंजिनाची बरीच झीज होते ती याच पहिल्या काही क्षणांत. शिवाय अव्हरेज पडतं ते वेगळंच.

बाहेरचं ऊन आणि इंजिनातली उष्णता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं मिस्त्रीला सांग. साताऱ्यात पारा चाळीसवर गेला काय किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले काय, वॅगनआरचं चालतं इंजिन थर्मोस्टॅट आणि रेडिएटरच्या जोरावर आपलं तापमान जवळपास सारखंच राखतं.

उरलेलं गाडीचं ऑइल स्प्लेंडरला का नाही, हे नीट ऐक. चारचाकीत इंजिनाचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, क्लच कोरडा. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच ऑइलमध्ये बुडालेले. गाडीच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात. ती क्लचप्लेटांना नकोत, कारण क्लच घर्षणावरच पकडतो. तसलं ऑइल घालून मागे मैत्रिणीला बसवून यवतेश्वरच्या घाटाने कासला निघालीस की इंजिन ओरडेल आणि गाडी चढणार नाही. म्हणून मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हे शब्द शोध. ‘एमबी’ लिहिलेलं स्कूटरसाठी असतं, ते नको. स्प्लेंडरसाठी ९०० मिलीचा डबा येतो, तो घे. गाडीचा डबा वेगळा घे.

दर्जासाठी ‘एपीआय’च्या पुढची अक्षरं बघ. पेट्रोलला ‘एस’ने सुरू होणारी: एसएन २०१०चा दर्जा, एसपी २०२०चा. पुस्तकात एसएन असेल आणि एसपी मिळालं तर गाडीत खुशाल घाल. डिझेलची अक्षरं ‘सी’ने सुरू होतात. भाऊकाकांच्या बीएस-सिक्स डिझेल गाडीचं ऑइल तू बदलायला जाऊ नकोस. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळीचा फिल्टर असतो, त्याला कमी राख सोडणारं ऑइलच लागतं. साधं ट्रॅक्टरचं घातलं तर तो फिल्टर चोंदतो.

फिल्टर. स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नसतोच. आत एक जाळी आणि फिरून घाण बाहेर फेकणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, तो इंजिनाचं कव्हर उघडून साफ करायचा असतो. ते काम गॅरेजवर करून घे. वॅगनआरचा फिल्टर मात्र डब्यासारखा आट्यांवर बसतो. त्याच्या आत घड्या घातलेला कागद, ऑइल मागे उतरू न देणारा रबरी व्हॉल्व्ह आणि कागद चोंदला तर ऑइलला वाट देणारा बायपास व्हॉल्व्ह. हे बाहेरून काही दिसत नाही, म्हणून इथे शंभर-पन्नास रुपयांची बचत करू नकोस. कंपनीचा फिल्टर अधिकृत स्पेअर्सच्या दुकानातूनच घे. रबरी व्हॉल्व्ह खराब असला तर रात्रभरात ऑइल खाली उतरतं आणि सकाळी सेल्फ मारताच वरून खडखड ऐकू येते.

जुना फिल्टर काढलास की त्याचं रबर त्याच्याबरोबर निघालं का ते डोळ्यांनी बघ. कधीकधी ते इंजिनालाच चिकटून राहतं, त्यावर नवा बसवला की दोन रबरांमधून ऑइल फवाऱ्याने बाहेर येतं. नव्या रबरावर बोटाने थोडं ताजं ऑइल फिरव, हाताने आटे धर, रबर टेकलं की पाऊण वेढा. पान्याने आवळू नकोस.

आणि एअर फिल्टरकडे ऑइलपेक्षा जास्त लक्ष दे. आता गळीत हंगाम सुरू झालाय. कोरेगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागे धुरळा, त्या धुरळ्यातून तू रोज दोनदा जातेस. ती माती म्हणजे वाळूचे बारीक कण, ते आत गेले की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासतात. मग कितीही भारी ऑइल घाल, ते गाळाने भरणारच. पुस्तकात धुळीच्या भागासाठी वेगळी मुदत दिलेली असेल तर आपल्याला तीच लागू. काही मोटरसायकलींना तेल लावलेल्या कागदाचा फिल्टर येतो. त्यावर हवा मारून तो साफ होत नाही, फाटतो. तो बदलायचाच असतो.

नकली मालापासून जप. रिकाम्या डब्यांना भंगारात भाव मिळतो तो उगाच नाही. सील बघ, छपाई बघ, डब्यावर क्यूआर असेल तर तपास, आणि जीएसटीचं बिल घेतल्याशिवाय दुकानातून निघू नकोस. तुझा डबा रिकामा झाला की टाकण्याआधी त्याला खिळ्याने भोक पाड.

प्रत्यक्ष कामात दोनच जागा नाजूक आहेत. एक, गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही शिरायचं नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. पक्के लोखंडी स्टँड नसतील तर वॅगनआरचं काम ओळखीच्या गॅरेजच्या खड्ड्यावर कर. दोन, खालचा ऑइलचा नट. तो जिथे बसतो तो भाग बऱ्याचदा ॲल्युमिनियमचा असतो. नट पहिले काही आटे बोटांनीच फिरला पाहिजे, वायसर नवं, आणि आवळताना पान्याला लोंबकळायचं नाही. आटे गेले तर पाचशे रुपयांच्या ऑइलसाठी इंजिन खोलावं लागेल. ऑइल कोमट असताना काढ, म्हणजे गाळही निघतो. भरल्यावर इंजिन दोन-तीन मिनिटं चालव, बंद कर, थोडं थांब आणि मग ऑइलची पट्टी बघ. स्प्लेंडर मेन स्टँडवर सरळ हवी, पट्टी आत टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. दोन खुणांच्या मध्ये ऑइल बरोबर. वरच्या खुणेच्या वर गेलं तर काढून टाक. जास्त ऑइल फेसाळतं आणि सील फोडून बाहेर पडतं.

काढलेलं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नकोस. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंग वेगळा असेल तर मात्र थांब. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली गाड्या चिखलात उभ्या होत्या. मी आणि माझे जुने विद्यार्थी रोज नट सोडायला जायचो. ज्यांनी गाडीला हात लावला नव्हता, त्यांच्या इंजिनातून आधी नितळ पाणी यायचं आणि मागून ऑइल, कारण पाणी जड, ते तळाशी बसलेलं. ज्यांनी चालू होते का म्हणून किक आणि सेल्फ मारून पाहिले होते, त्यांच्यातून दुधाच्या चहाच्या रंगाचा फेस निघायचा आणि अनेकांचे कनेक्टिंग रॉड वाकलेले असायचे. हात न लावलेल्या गाड्या नवं ऑइल, काही मिनिटं चालवणं आणि परत दुसरं ऑइल-फिल्टर एवढ्यावर उभ्या राहिल्या. तेव्हा पट्टीवर कधी असा फिका तपकिरी फेस दिसला तर सेल्फला हात लावू नकोस, आधी मला फोन कर.

ताई साताऱ्यात वॅगनआर शाहूपुरीतून राजवाड्यापर्यंत नेते आणि परत आणते. एवढ्याशा फेरीत ऑइल पुरतं तापत नाही, त्यात ओल आणि पेट्रोल साचतं. त्या गाडीचे किलोमीटर मोजत बसू नकोस, वर्ष झालं की बदल.

शेवटचं, जळकं ऑइल. माळ्याच्या वाशांना वाळवी नको म्हणून आजोबा ते मागतील, देऊ नकोस. त्यात जड धातू आणि कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात, आणि सरकारी नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. गटारात तर अजिबात नाही. साताऱ्याचं पाणी माहुलीला कृष्णेत मिळतं आणि तेच पुढे आमच्या सांगलीत येतं. रिकाम्या, अजून भोक न पाडलेल्या डब्यात भरून, जुन्या फिल्टरमधलं निथळून त्यातच घालून, मोठ्या गॅरेजच्या पिंपात नेऊन दे. ते अधिकृत रिसायकलिंगवाल्यांकडे जातं आणि शुद्ध होऊन त्याचं पुन्हा ऑइल बनतं.

रविवारी खरेदीला जाण्याआधी दोन्ही पुस्तकांतल्या त्या पानांचे फोटो मला पाठव. पुस्तक सापडलं नाही तर गाडीचं मॉडेल आणि साल कळव, मी इथल्या शोरूममधून विचारून सांगतो. तोपर्यंत डबा घेऊ नकोस.

ताईला आणि आजोबांना नमस्कार.

तुझा,
मामा