अधिकरणाचा विकारजय

ज्याच्या आश्रयाने इतर जीव धर्म आचरितात, तो अधिकरण. त्याच्या ठिकाणी ज्ञान हवे, वैराग्य हवे, हे सर्वांस मान्य आहे. परंतु ही दोन्ही असूनही त्यांना झाकून टाकणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे न ओळखलेला विकार. साधकास विकार जडला तर मुख्यतः त्याची स्वतःची हानी होते. अधिकरणास जडला तर त्याच्या मागून येणाऱ्या सर्वांचीच वाट चुकते. म्हणून इतरांस आवरण्यापूर्वी स्वतःस आवरणे, हे अधिकरणाचे पहिले कर्तव्य होय.

याविषयी दोन उदाहरणे पंथाच्या आरंभकाळातच आढळतात. रामदेव ऊर्फ दादोस यांच्याभोवती मोठा शिष्यपरिवार होता. त्यांच्या निमित्ताने कित्येकांस सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचे सन्निधान लाभले. पुढे त्या मंडळींची ओढ सर्वज्ञांकडे लागली, तेव्हा दादोसांच्या मनात वैषम्य उत्पन्न झाले. वास्तविक शिष्यास परमेश्वर भेटला, यातच गुरूचे साफल्य. पण ‘माझे शिष्य’ यातील ‘माझे’ सुटले नाही, आणि जे साफल्य तेच शल्य झाले.

दुसरे उदाहरण आचार्य श्रीनागदेव ऊर्फ भटोबास यांचे. त्यांचा काळ शके 1158 ते 1224 असा मानतात. त्यांचे पूर्ववय उच्छृंखल होते. मनाचा वेग कमी नव्हता. सर्वज्ञांच्या सन्निधानाने तो वेग नाहीसा झाला नाही, त्याची दिशा पालटली. सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केल्यावर भक्तमंडळी रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. पुढे तेही सन्निधान अंतरले, आणि पोरक्या झालेल्या परिवाराचा भार भटोबासांवर आला.

अशा वेळी पुढारी पुरुषापुढे दोन धोके असतात. एक, दुःखात बुडून आश्रितांस विसरणे. दुसरा, दुःख दडपून त्यांच्याशी कठोर होणे. भटोबासांनी दोन्ही टाळले. त्यांनी वियोगाचे स्मरण केले. ते एकांती सर्वज्ञांच्या लीळांचे मनन करीत. म्हाइंभटांस हे कळले, आणि त्यातून लीळासंग्रहाची प्रेरणा निर्माण झाली. ज्यांनी जी लीळा पाहिली वा ऐकली, त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी ती मिळविली. एका अंतःकरणातील शोक असा सर्व मार्गाचे धन झाला.

शोकाहून सूक्ष्म विकार प्रतिष्ठेचा. केशिराजबास संस्कृताचे जाणते पंडित होते. त्यांच्या संस्कृत रचनेने विद्वानांत पंथाचा मान वाढला असता. तरीही भटोबासांनी त्यांस त्या मार्गाने पुढे जाण्यापासून परावृत्त केले. कारण परिवारातील साध्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानास मुकल्या असत्या. पंडितांची वाहवा आणि म्हाताऱ्यांचे हित यांत त्यांनी हित निवडले. आपल्या निर्णयाने कोणाचे कल्याण होते आणि केवळ आपला मान कोठे वाढतो, हे ओळखणे हाच येथील विवेक.

असा विवेक एकाएकी येत नाही. त्यासाठी आचारधर्म आहे. अटन केल्याने स्थानाची आसक्ती सुटते. मठ, आश्रम ‘माझा’ वाटेनासा होतो. भिक्षेने मान गळतो. दहा जणांकडून दंडवत घेणारा दहा दारी हात पसरतो, तेव्हा त्याचे माप त्यास कळते. विजनाने दिवसभराच्या बोलण्याचा झाडा घेता येतो. स्मरणाने रिकामे झालेले मन परमेश्वराच्या ठायी लागते. अधिकार वाढला म्हणून ही साधने कमी करणे म्हणजे ओझे वाढल्यावर काठी टाकून देणे होय.

शिष्यास शिकविताना तर हा झाडा विशेष हवा. चुकणाऱ्यास बोलणे दोष नव्हे. पण बोलण्याच्या मुळाशी त्याचे हित आहे की दुखावलेला अहंकार, हे आधी पाहावे. मन क्षुब्ध असेल तर थोडा वेळ जाऊ द्यावा. शिष्याची चूक उद्याही सांगता येते. क्रोधात बोललेला शब्द मात्र परत घेता येत नाही. तसेच एखादा आश्रित दुसऱ्या अधिकरणाच्या सांगातात अधिक रमला, तर दादोसांचे स्मरण करावे.

वासनिकांनाही हे लागू आहे. कारण घरातील वडील हाही लहानांचा आश्रयच असतो. जो आपल्या मागून येणाऱ्यांस स्वतःपाशी न अडविता परमेश्वराकडे जाऊ देतो, त्याचेच पुढारपण धर्मास उपकारक ठरते.