पालघरची एक नोंद आणि कलम ६६-अ

छापील मजकुरावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे असलीच पाहिजेत, असे बंधन १८६७ च्या कायद्याने घातले होते. मजकुराचा जबाबदार कोण, हे त्यावरून कळे. भ्रमणध्वनीवरून पुढे धाडलेल्या संदेशावर अशी ओळ नसते. किंबहुना, तो पाठविणाऱ्यास आपण काही प्रसिद्ध करीत आहोत याची जाणीवही बहुधा नसते.

या नव्या प्रकाशनाला कायदा कसा लावावा, हा प्रश्न पालघरमुळे देशापुढे आला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले व दुसऱ्या दिवशी मुंबई व परिसरातील व्यवहार बंद राहिले. या बंदच्या औचित्याविषयी शंका व्यक्त करणारी नोंद पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर लिहिली. तिच्या मैत्रिणीने त्या नोंदीस पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. त्यांची प्रत्येकी १५,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सुटका झाली आणि पुढे पोलिसांनीच प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. तथापि दरम्यान एकीच्या नातलगाच्या रुग्णालयाची मोडतोड झाली होती.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-अ नुसार 'त्रासदायक' वा 'गैरसोयीचा' संदेश पाठविणे हाही तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र अपराध होता. त्रास कोणाला व किती, याचा खुलासा कलमात नव्हता. पालघरच्या घटनेनंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. चर्चा, पुरस्कार व चिथावणी या तीन भिन्न गोष्टी आहेत आणि निर्बंध येतो तो चिथावणीच्या टप्प्यावर, असे न्यायालयाने स्पष्ट केले. नवल असे की, रद्द झालेल्या कलमाखाली त्यानंतरही गुन्हे नोंदविले जात होते; ते थांबविण्याचे निर्देश न्यायालयास ऑक्टोबर २०२२ मध्ये द्यावे लागले.

मतप्रदर्शनाला संरक्षण मिळाले, अफवेला नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचहून अधिक ठिकाणी संदेश पुढे धाडण्याची सोय बंद केली. तरीही १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, चोरांच्या अफवा पसरलेल्या असताना पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा चालक जमावाच्या हल्ल्यात बळी पडले.

तारापूर औद्योगिक वसाहत व अणुवीज केंद्र यांच्या शेजारी वसलेल्या बोईसरसारख्या गावी तर वायुगळतीची एखादी खोटी वार्ताही धावपळ उडविण्यास पुरेशी आहे. अशा वेळी गावाच्या समूहाचे चालक असलेले सरपंच वा शिक्षक यांचे उत्तरदायित्व किती? सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज, चालकास दोषी धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे. स्वतः संदेश पुढे धाडणाऱ्यास मात्र हा आधार नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ लोकांत भीती पसरविण्याच्या हेतूने दिलेल्या खोट्या माहितीस लागू होते आणि त्यात इलेक्ट्रॉनिक साधनांचा स्पष्ट उल्लेख आहे.