वृद्धांचा मधुमेह आणि कुटुंबाचे कर्तव्य

बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले तुळजापूर हे श्रीतुळजाभवानीचे क्षेत्र. आश्विनातील नवरात्रात येथे घरोघरी घट बसतात आणि वडीलधारी माणसे नऊ दिवसांचा उपवास निष्ठेने करतात. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरची वाट तुडवीत असंख्य भाविक येतात. त्यांतील अनेकजण अनवाणी असतात. ज्या घरातील वृद्ध आईला किंवा वडिलांना नुकताच मधुमेह असल्याचे आढळले आहे, त्या घराने उपवास आणि अनवाणी चालणे या दोन्ही गोष्टींचा नव्याने विचार करणे अगत्याचे आहे.

निदानाचा अर्थ

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारी तपासणी ६.५ टक्के वा त्याहून अधिक आल्यास मधुमेह मानला जातो. लक्षणे स्पष्ट नसतील तर पुन्हा तपासून खात्री केली जाते. वृद्धांमध्ये थकवा, वारंवार लघवीस जाणे यांसारखी लक्षणे वयाच्या नावावर खपून जातात. त्यामुळे निदान बहुधा उशिरा होते.

शर्करा घटण्याचा धोका

निदान होताच घरातील माणसे गोड पदार्थ बंद करतात, जेवण निम्मे करतात आणि कर्तव्य पार पडले असे मानतात. वृद्धांच्या बाबतीत मात्र शर्करा वाढण्याइतकेच तिचे एकाएकी घटणेही घातक असते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जेवण टाळले, तर शर्करा ७० च्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातापायांस कंप, धडधड, बोलण्यात असंबद्धता ही तिची चिन्हे होत. उपवासाच्या दिवसांत ती केवळ अशक्तपणा म्हणून दुर्लक्षिली जातात. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी आणि बरे वाटताच काही खाऊ घालावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. याच कारणास्तव अशक्त वृद्धांसाठी डॉक्टर शर्करेचे उद्दिष्ट काहीसे सैल ठेवतात. तरुणाचा आकडा वृद्धावर लादू नये.

उपवास आणि आहार

साबुदाणा, बटाटा, रताळे हे उपवासाचे पदार्थ मुख्यतः पिष्टमय असल्याने शर्करा झपाट्याने वाढवितात. म्हणजे दिवसभर पोट रिकामे आणि सायंकाळी एकदम भार, असा दुहेरी ताण पडतो. नवरात्रापूर्वीच डॉक्टरांना उपवासाची कल्पना देऊन गोळ्यांचे प्रमाण ठरवून घ्यावे. नऊ दिवसांऐवजी ‘उठता-बसता’ उपवास करणे किंवा घरातील दुसऱ्याने व्रत चालविणे ही परंपरेला मान्य असलेली वाट आहे. आईच्या श्रद्धेला धक्का न लावता हे तिच्याशी बोलूनच ठरवावे. निव्वळ मनाई केल्यास उपवास चोरून होतो, आणि तोच अधिक धोक्याचा.

एरवी मराठवाड्यातील ज्वारीची भाकरी, डाळ आणि पालेभाजी हा आहार उत्तम होय. परंतु भाकरीही मोजूनच खावी. साखरेऐवजी गूळ चालतो हा समज चुकीचा आहे. जेवणाच्या वेळा ठरलेल्या असाव्यात.

पायांची निगा

मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. दुपारी तापलेल्या फरशीवरून चालताना पडलेला फोड वृद्धास जाणवतही नाही आणि पुढे तोच चिघळतो. तुळजाभवानीच्या मंदिरात जाताना पायऱ्या उतराव्या लागतात. वृद्धांना सकाळी लवकर किंवा सायंकाळी न्यावे आणि पायांत सुती मोजे घालावेत. अनवाणी पदयात्रा त्यांनी करू नये. रोज रात्री घरातील एखाद्याने तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात पाहाव्यात. गरम पाण्यात पाय बुडवून शेकू नयेत.

नोंद आणि तपासणी

औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावाव्यात. शर्करेची नोंद एका वहीत ठेवून ती प्रत्येक वेळी डॉक्टरांना दाखवावी. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा व मूत्रपिंड यांची तपासणी आवश्यक आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. त्याचा लाभ घ्यावा. औषध परस्पर बंद करून जडीबुटीच्या मागे लागू नये.

मधुमेह हा आयुष्यभराचा सोबती असला तरी तो आटोक्यात राहू शकतो. त्यासाठी वृद्धावर पहारा ठेवण्यापेक्षा त्याच्या दिनचर्येत सहभागी होणे महत्त्वाचे आहे. मुले, सुना व नातवंडे आपलेही ताट तसेच वाढून घेतील, तर वृद्धास पथ्य ही शिक्षा वाटणार नाही आणि पुढच्या पिढीलाही आरोग्याची सवय लागेल.