डिझेलच्या वाटेवरील शोध

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आम्ही वर्गात अनेकदा शिकविली आहे. तिचा खरा अर्थ मात्र आम्हांस एका जुन्या डिझेल जीपने भर रस्त्यात शिकविला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही विद्यार्थ्यांसह सुरतेहून गायकवाडांचा सोनगडचा किल्ला पाहण्यास निघालो होतो. व्याऱ्याच्या अलीकडे गाडी आचके देऊ लागली आणि थांबली. पुन्हा सुरू करावी, तर क्षणभर चाले व बंद पडे. वाटेवरील एका कारागिराने झाकण न उघडताच सांगितले, “पंप गेला!” नव्या पंपाची किंमत ऐकून चालककाकांचा चेहरा उतरला. त्यांच्या कुटुंबाचे पोट त्याच गाडीवर चालत होते.

विद्यार्थी मित्रहो, येथे थोडे शास्त्र समजून घेऊ. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत यशस्वी झाले. त्यात ठिणगी नसते. हवा मूळ घनफळाच्या सुमारे विसाव्या हिश्शापर्यंत दाबली जाते, ५०० अंश सेल्सिअसहून अधिक तापते आणि तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते. हे इंधन टाकीतून नळीने लहान पंपाकडे, तेथून फिल्टरमध्ये, मग मोठ्या दाबाच्या पंपाकडे व शेवटी इंजेक्टरकडे जाते. दोष शोधावयाचा तो याच क्रमाने.

सुदैवाने एक वृद्ध मिस्त्री भेटले. त्यांनी प्रथम टाकीत डिझेल आहे ना, तिच्या झाकणाचे हवेचे छिद्र मोकळे आहे ना, हे पाहिले. नंतर फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला. पाणी डिझेलहून जड असल्याने तळाशी बसते. पाणी नव्हते. मग वरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला, तेव्हा डिझेलऐवजी फेस आला. वाटेत हवा शिरत होती!

“पण गळती तर कोठेच दिसत नाही!” एक विद्यार्थी म्हणाला. मिस्त्री हसले. टाकीपासून लहान पंपापर्यंतची नळी डिझेल ओढून घेते. तिला चीर पडली, तर थेंब बाहेर न पडता हवाच आत जाते. त्यांनी स्वच्छ डिझेलचा डबा उंच टांगून त्याची नळी थेट लहान पंपाला जोडली आणि हवा काढली. इंजिन अखंड चालले. पंप निर्दोष ठरला! वीतभर जीर्ण रबरी नळी बदलताच काम झाले.

धूरही पुष्कळ सांगतो. काळा धूर म्हणजे इंधन अधिक किंवा हवा अपुरी, पांढरा बहुधा न जळलेल्या इंधनाचा, निळा वंगणतेलाचा. स्टार्टर फिरूनही धूर नसेल, तर इंधन पोहोचत नाही असे समजावे. सुरतेच्या दमट पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत बाष्पाचे पाणी साचत नाही. एक इशारा मात्र विसरू नये: इंजेक्टरचा फवारा कातडी भेदून आत शिरतो; तेथे कधीही हात नेऊ नये.

त्या दिवशी किल्ला चढण्यास उशीर झाला. परंतु महागड्या वस्तूवर आरोप करण्यापूर्वी स्वस्त वस्तू तपासावी, आणि तपासल्यावाचून कोणालाच दोषी ठरवू नये, हा धडा आम्ही घेऊन आलो. वर्गात शिक्षा करण्यापूर्वी तो आम्हांस आता हमखास आठवतो.