आपापल्या जन्मभाषेत : कोलामीकडून घ्यायचा धडा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २:१-१३

पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत पार्थी, मेदी, एलामी असे नाना देशांतले लोक जमले होते. पवित्र आत्मा उतरला, तेव्हा त्या सर्वांना एकच भाषा शिकवली गेली नाही. प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या जन्मभाषेत ऐकली. भाषा बदलली ती सांगणाऱ्यांची, ऐकणाऱ्यांची नव्हे. वस्तीवर सेवा करणाऱ्या आपणा सर्वांना हा धडा आहे.

१. शेजारची भाषा

आमच्या हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः कळमनुरी आणि औंढ्याकडे, आंध समाज मोठा आहे. आंधांच्या घरात मराठीच बोलतात. म्हणून आदिवासी मुलाला शाळेत भाषेची अडचण नसते, असे आम्हाला सहज वाटते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात किनवटकडे किंवा यवतमाळच्या कोलामपोडांवर गेले की तसे राहत नाही. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा आहे. घराला कोलामीत ‘एल्ला’ म्हणतात, तेलुगूत ‘इल्लू’. पाण्याला कोलामीत ‘ईर’, तेलुगूत ‘नीरू’. घरी हे शब्द ऐकत वाढलेले मूल पहिलीच्या वर्गात गप्प बसले, तर ते मंद नसते. गुरुजींची भाषा त्याला अजून कळत नसते, इतकेच.

कातकरी आणि माडिया गोंड यांच्याप्रमाणे कोलाम ही महाराष्ट्रातली आदिम जमात आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १ लाख २८ हजार लोकांनी कोलामी ही मातृभाषा सांगितली. आकडा लहान नाही. पण आजीने कोलामीत विचारले आणि नातवाने मराठीत उत्तर दिले, की त्या घरापुरती भाषा थांबू लागते. तिच्याबरोबर रानभाज्यांची, बियाण्यांची, पाखरांची नावेही जातात.

२. कागदावरची भाषा आणि तोंडातली भाषा

कोरकूंमध्ये काम करणारे मिशनरी जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्ये कोरकूचे व्याकरण छापले. कोलामीवर भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांचा ग्रंथ १९५५ मध्ये आला. हे काम मोलाचे आहे, पण पुस्तक कपाटात असून भाषा मरू शकते.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील शोशोनी लोकांचे उदाहरण पाहा. तिथल्या मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवून इंग्रजीच बोलायला लावले गेले. पुढे १९६० च्या दशकापासून विक मिलर या अभ्यासकाने वडीलधाऱ्यांच्या कथा ध्वनिमुद्रित केल्या. त्या फितींवर युटा विद्यापीठात काम झाले आणि २००९ पासून शोशोनी तरुणांसाठी उन्हाळी वर्ग भरू लागले. साठवलेला आवाज पुन्हा तरुणांच्या तोंडी जावा, यासाठी हा खटाटोप होता.

आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिथे पुढाकार गावाचाच होता, हे ध्यानात घ्यावे.

३. आपण काय करावे

• वसतिगृहात किंवा संडे स्कूलमध्ये मूल आपल्या बोलीत बोलले तर हटकू नये. आधी आपणच त्या बोलीत नमस्कार आणि विचारपूस शिकावी.

• वडीलधाऱ्यांच्या कथा त्यांच्या परवानगीने मोबाईलवर घ्याव्यात आणि त्यांची प्रत त्याच घरात द्यावी.

• मुलांकडून शब्दांची वही करवून घ्यावी : झाडे, भाज्या, नाती, ऋतू. लिपी देवनागरी चालेल. शब्द आजीकडून तपासून घ्यावेत.

• राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय सांगितली आहे. ही गोष्ट पालकांना आणि ग्रामसभेला समजावून सांगावी.

मराठी शिकवणे सोडावे, असे मी म्हणत नाही. बाजार, दवाखाना, नोकरी यांसाठी मराठी लागतेच. पण एक भाषा देताना दुसरी हिरावून घेण्याचे कारण नाही. काय जपायचे, हे शेवटी पोडाने ठरवायचे आहे. आपण मदतनीस आहोत, मालक नव्हे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वसतिगृहात किती मातृभाषा बोलल्या जातात? आपल्याला त्यांची नावे ठाऊक आहेत का?
२. आपल्या प्रार्थनासभेत एखादी आजी आपल्या भाषेत मोकळेपणी प्रार्थना करू शकते का?

प्रार्थना : हे प्रभू, तू प्रत्येकाची भाषा जाणतोस. लहान समाजांच्या मुलांना आपल्या बोलीची लाज वाटू देऊ नकोस आणि आम्हाला ऐकणारे कान दे. आमेन.